ही ओळ काढली तर चालेल का? कर्नलच्या मेमरी कोडची साफसफाई आणि तुमचे प्रश्न

गेल्या वेळी लिनक्स कर्नलमधला (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) पहिला पॅच, म्हणजे कोडमधला पाठवायचा बदल, कुठून सुरू करावा यावर लिहिलं होतं, आणि त्यात मी म्हटलं होतं की मेमरी घेण्या-सोडण्याचा जो जास्तीचा, बिनकामाचा कोड पडलेला असतो तो काढायला घ्या, शिकायला उत्तम जागा आहे. त्यावर बरेच प्रश्न आलेत. काही जणांनी लगेच कामाला हात घातला आणि अडकले पण! त्यातले निवडक इथे घेतेय, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, एका ड्रायव्हरमध्ये केफ्री (घेतलेली मेमरी सोडणारं फंक्शन) बोलवायच्या आधी प्रत्येक ठिकाणी "पॉइंटर नल नसेल तरच" असा चेक आहे (पॉइंटर म्हणजे मेमरीचा पत्ता, नल म्हणजे रिकामा पत्ता). चेकपॅच, म्हणजे पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट, सांगतं की केफ्रीला नल दिला तरी चालतं, चेकची गरज नाही. म्हणून मी सगळे चेक एका दमात काढले, कंपाइल झालं, आणि मशीन बूट होताना कोसळलं. चेक बिनकामाचे होते ना, मग असं कसं झालं?

तुमचा पॅच तुम्ही सोबत पाठवलात ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. तुम्ही काढलेल्या चेकपैकी दोन चेक "नल आहे का" असं विचारतच नव्हते, ते "एरर पॉइंटर आहे का" असं विचारत होते. दिसायला दोन्ही सारखे, इफ आणि खाली केफ्री, त्यामुळे नजर घसरते. माझ्याकडूनही सुरुवातीच्या दिवसात नेमकी हीच चूक झालीय आणि ती शोधण्यात पूर्ण रात्र गेलीय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केफ्री आत शिरल्या शिरल्या काय बघतं तर आलेला पॉइंटर नल आहे का किंवा शून्य-आकाराचा खास पॉइंटर आहे का. हा दुसरा प्रकार अनेकांना माहीत नसतो. केमॅलॉककडे (मेमरी देणारं फंक्शन) शून्य बाइट मागितले तर ते नल देत नाही, १६ हा आकडा पॉइंटर म्हणून देतं, म्हणजे "मागणी मान्य आहे पण इथे हात लावू नका" असा अर्थ. तर केफ्री १६ किंवा त्याहून लहान पत्ता दिसला की गुपचूप परत जातं. एवढंच. पण कर्नलमध्ये पुष्कळ फंक्शन्स अपयश आलं की नल देत नाहीत, एररचा आकडाच पॉइंटरमध्ये कोंबून देतात, आणि तो पत्ता मेमरीच्या अगदी वरच्या टोकाचा असतो, शेवटच्या ४०९५ आकड्यांमधला. तो काही १६ पेक्षा लहान नाही! केफ्रीला तो खरा पत्ता वाटतो, ते त्याचं पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) शोधायला जातं आणि तिथेच सगळं आडवं होतं.

म्हणजे नलचा चेक जास्तीचा, कारण तेच काम केफ्री आतमध्ये करतंय. एरर पॉइंटरचा चेक जास्तीचा नाही, कारण ते काम दुसरं कुणीच करत नाही. हा एकच प्रश्न पुढच्या प्रत्येक उत्तरात येणार आहे: ही ओळ जे काम करतेय ते आधीच कोण करतंय? त्याचं नाव घेता आलं, त्याच्या कोडमधली ओळ दाखवता आली, तरच हात लावायचा. "गरज नसावी" असं वाटणं पुरेसं नाही.

आणि हो, हे "नल चालतो" प्रकरण प्रत्येक फंक्शनसाठी वेगळं तपासा. व्हीफ्रीला (मेमरी सोडणारं आणखी एक फंक्शन) चालतो. केमेम कॅश (एका जातीच्या वस्तूंचा साठा) नष्ट करणाऱ्या फंक्शनला पूर्वी चालत नसे, २०१५ साली कर्नलच्या ४.३ आवृत्तीत ते आणि मेमपूल, डीएमए पूल या इतर साठ्यांची नष्ट करणारी फंक्शन्स नल सहन करणारी झाली. म्हणजे तुम्ही एखाद्या जुन्या शाखेवर काम करत असाल तर आज जास्तीचा असलेला चेक तिथे गरजेचा असू शकतो.

प्रश्न: माझ्या टीममधले सीनिअर म्हणतात की चेक जास्तीचा असला तर असू दे, दोन ओळींनी काय बिघडतं, काढताना चूक झाली तर मात्र नक्की बिघडेल. मला त्यांचं पटतं पण आणि पटत नाही पण. तुमचं मत काय?

त्यांची भीती खोटी नाही, वरचाच प्रश्न बघा. पण "काय बिघडतं" याच्याशी मी सहमत नाही. चेक फक्त मशीनसाठी नसतो, वाचणाऱ्यासाठी पण असतो. नलचा चेक दिसला की पुढचा माणूस समजतो की हा पॉइंटर इथे नल असू शकतो बरं का, मग तो त्याच्या नवीन कोडमध्ये त्या शक्यतेसाठी आणखी दोन फांद्या काढतो, त्यांच्यासाठी वेगळं एरर लेबल बनवतो, आणि पाच वर्षांनी त्या फंक्शनला जो आकार येतो त्यात खरी चूक लपून बसते.

चेक चुकीच्या जागी असला तर काय होतं याचं २००९ सालचं उदाहरण कर्नलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला पाहिजे. नेटवर्कच्या टन ड्रायव्हरमध्ये, २.६.३० मध्ये, पोलच्या फंक्शनमध्ये आधी टन पॉइंटरच्या आतून सॉकेट वाचलं जात होतं आणि त्यानंतरच्या ओळींमध्ये टन नल आहे का ते बघितलं जात होतं. जीसीसी या कंपाइलरने हिशोब केला की वर याच्या आत शिरून वाचलंय म्हणजे हा नल असूच शकत नाही, म्हणजे खालचा चेक जास्तीचा, आणि त्याने तो उडवून टाकला. सी भाषेच्या नियमाने त्याचं बरोबर होतं. पण कर्नलमध्ये शून्य पत्त्यावर युजर प्रोग्रामला पेज मॅप करता येत असेल तर नलच्या आतून वाचलं तरी मशीन कोसळत नाही, पुढे चालत राहतं, आणि चेक तर गेलेला. त्यातून रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, ताबा मिळवून दाखवला गेला. त्यानंतर कर्नलच्या बिल्डमध्ये कंपाइलरला "नलचे चेक स्वतःहून काढू नकोस" असं सांगणारा फ्लॅग घातला गेला, तो आजही आहे.

तर सीनिअरना असं सांगा की काढायचं तर कारण लिहून काढू, आणि ठेवायचं तर ते पण कारण लिहून ठेवू. ठेवायची रास्त कारणं असतात. एखादी जागा अशी असते की सेकंदाला लाखो वेळा तिथून जावं लागतं आणि पॉइंटर बहुतेक वेळा नलच असतो, तिथे बाहेरचा चेक एक फंक्शन कॉल वाचवतो आणि काही मेंटेनर (त्या भागाची जबाबदारी असणारे) तो मुद्दाम ठेवतात. तो बिनकामाचा नाही.

प्रश्न: केझॅलॉक मेमरी शून्य करूनच देतं तरी लोक पुन्हा मेमसेट (मेमरी एकाच आकड्याने भरणं) का करतात? आणि उलट, जिथे मी लगेच सगळे फील्ड भरणार आहे तिथे केझॅलॉक ऐवजी केमॅलॉक केलं तर ती पण साफसफाईच ना?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे, सवयीने करतात किंवा आधी केमॅलॉक होतं ते कुणीतरी केझॅलॉक केलं आणि खालचं मेमसेट राहून गेलं. बिनधास्त काढा, फक्त मधल्या ओळींमध्ये कुणी त्या मेमरीत काही लिहिलं नाही ना एवढं बघा. डीएमएच्या (उपकरण प्रोसेसरशिवाय थेट वापरतं त्या मेमरीच्या) बाबतीत तर हे मोठ्या प्रमाणावर झालंय. कोहेरंट डीएमए मेमरी देणारं फंक्शन शून्य करून देईल याची सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) खात्री झाल्यावर, शून्य करून देणारं जे वेगळं जुळं फंक्शन होतं ते २०१९ च्या सुरुवातीला ५.० मध्ये काढून टाकलं गेलं.

दुसरा भाग मात्र जपून! "सगळे फील्ड भरणार आहे" म्हणजे सगळे बाइट भरणार आहे असं नाही. समजा स्ट्रक्चरमध्ये आधी एक बाइटचा फील्ड आहे आणि मग आठ बाइटचा, तर ६४ बिट मशीनवर कंपाइलर मध्ये ७ बाइट रिकामे सोडतो. ते तुमच्या कुठल्याच फील्डमध्ये येत नाहीत, तुम्ही ते कधीच भरत नाही, आणि हे स्ट्रक्चर जर अख्खंच्या अख्खं युजरकडे कॉपी होत असेल तर त्या ७ बाइटमध्ये आधीच्या मालकाचं जे काही पडलं असेल ते पण बाहेर जातं. अशा गळत्या कर्नलमध्ये कितीतरी वेळा सापडल्यात. तिथे केझॅलॉक "जास्तीचं" दिसतं पण त्या रिकाम्या बाइटची काळजी फक्त तेच घेत असतं. बाइट कर्नलबाहेर जात नसतील आणि लगेच पूर्ण लांबीची कॉपी होत असेल तर मात्र केझॅलॉक आणि मेमकॉपी दोन्ही काढून केमेमडुप (मेमरी घेऊन लगेच त्यात कॉपी करणारं फंक्शन) वापरा, ते छान दिसतं.

एका वाचकाने असंही विचारलंय की ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, कर्नलला सगळ्याच वाटपावर आपोआप शून्य करायला सांगता येतं, मग आपण वेगळं कशाला करायचं. तो एक पर्याय आहे, चालू असेल किंवा नसेल, तुमच्या कोडला ते कुणी वचन दिलेलं नाही. पर्यायावर विसंबून ओळ काढायची नाही.

आता याच्याच उलट्या टोकाचं. मेमरी सोडताना शून्य करणं. मेमसेट आणि लगेच केफ्री असं दिसलं की हात शिवशिवतात, सोडायचीच आहे तर पुसताय कशाला! पण तिथे पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनची किल्ली असेल तर पुसणंच महत्त्वाचं आहे. गंमत अशी की कंपाइलरला पण तुमच्यासारखंच वाटतं, यानंतर कुणी वाचत नाही म्हणजे हे लिहिणं व्यर्थ, आणि तो ते उडवू शकतो, विशेषतः स्टॅकवरच्या (फंक्शनपुरत्या तात्पुरत्या मेमरीतल्या) बफरच्या बाबतीत. म्हणून २०१४ साली ३.१८ मध्ये मेमझीरो-एक्स्प्लिसिट आलं, जे कंपाइलर उडवू शकत नाही. आणि पूर्वी केझेडफ्री नावाचं फंक्शन होतं, ते लोकांना केझॅलॉकची जोडी वाटायचं, केझॅलॉकने घेतलं म्हणजे केझेडफ्रीने सोडायचं असं, म्हणून गरज नसताना पण वापरलं जायचं. २०२० मध्ये ५.९ मध्ये त्याचं नाव बदलून केफ्री-सेन्सिटिव्ह केलं. नाव बदलणं ही पण साफसफाईच, आणि माझ्या मते चांगली साफसफाई, कारण चुकीच्या नावामुळे तयार होणारा जास्तीचा कोड मुळातच थांबतो.

प्रश्न: डेव्हएम (डिव्हाइसशी बांधून गोष्टी घेणारी फंक्शन्स) वापरलं की मेमरी आपोआप सुटते असं शिकवलं. मी जुन्या ड्रायव्हरमधलं केझॅलॉक काढून डेव्हएम-केझॅलॉक केलं, रिमूव्ह फंक्शनमधली (डिव्हाइस काढताना चालणारं) केफ्रीची ओळ तशीच ठेवली, म्हटलं एक्स्ट्रा सेफ्टी. केसॅनने (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलने) ओरडून सांगितलं की चुकीचं फ्री. सेफ्टी कशी काय चुकीची?

कारण इथे जास्तीची ओळ नुसती निरुपयोगी नसते, ती घातक असते. डेव्हएम मेमरी देताना तुमच्या डेटाच्या आधी स्वतःची एक छोटी नोंद ठेवतं, आणि तुम्हाला मिळतो तो पत्ता त्या नोंदीच्या पुढचा असतो. म्हणजे तुम्ही केफ्रीला जो पत्ता दिला तो वाटप झालेल्या तुकड्याची सुरुवात नव्हे, मधलाच पत्ता आहे. आणि तेवढ्यावर निभावलं तरी डिव्हाइस सुटताना डेव्हएम तोच तुकडा पुन्हा सोडायला येणारच. केसॅन चालू नसतं तर कदाचित तिसऱ्याच कुठल्यातरी ड्रायव्हरमध्ये दोन तासांनी काहीतरी विचित्र घडलं असतं आणि तुम्ही तिकडे शोधत बसला असतात. ओळ काढा.

पण अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने असं करू नका हे जास्त कळकळीने सांगते. डेव्हएमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर सुटतात, घेतल्या त्याच्या उलट्या क्रमाने. आता इंटरप्ट (डिव्हाइसकडून प्रोसेसरला येणारी हाक) डेव्हएमने घेतलाय आणि त्याचा डेटा तुम्ही रिमूव्हमध्ये हाताने केफ्री केलात, तर मधल्या काळात इंटरप्ट आला की हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत हात घालतो. कॅरेक्टर डिव्हाइसचं (फाइलसारखं उघडता येणाऱ्या डिव्हाइसचं) तर आणखी वेगळं, कुणीतरी फाइल उघडी ठेवून बसलंय आणि तेवढ्यात डिव्हाइस निघालं तर डेव्हएमने मेमरी सोडलेली असते पण फाइल अजून जिवंत आहे. तिथे रेफरन्स काउंटच (किती जण वापरताहेत याची मोजणी) लागतो, आणि डेव्हएममध्ये बदलण्याची "साफसफाई" तिथे करायचीच नाही.

प्रश्न: एकाच कर्नलमध्ये स्लॅब, स्लब आणि स्लॉब असे तीन तीन ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारे भाग) का होते? आणि एवढी मोठी गोष्ट जास्तीची आहे हे ठरवतात कसं, काढतात कसं?

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. ओळीची साफसफाई आणि अख्ख्या भागाची साफसफाई यात तत्त्व एकच असतं, वेळ मात्र वर्षांनी मोजावा लागतो.

छोट्या छोट्या वस्तूंसाठी पेजचे तुकडे करून ठेवायचे, एका जातीच्या वस्तू एका ठिकाणी, ही स्लॅबची कल्पना जेफ बॉनविकने सोलारिस २.४ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मांडली, १९९४ मध्ये. लिनक्सने ती घेतली. पुढे मशीनमध्ये प्रोसेसर वाढले तसे स्लॅबमधल्या रांगा आणि त्यांचा हिशोब अवघड होत गेला, म्हणून ख्रिस्तोफ लॅमेटरने स्लब लिहिला, तो २००७ मध्ये २.६.२२ मध्ये आला. आणि अगदी कमी मेमरीच्या छोट्या उपकरणांसाठी मॅट मॅकॉलचा स्लॉब होता. तिघांना तीन कारणं होती, म्हणजे सुरुवातीला कुणीच जास्तीचा नव्हता, हे लक्षात घ्या. जास्तीचेपणा नंतर येतो, आजूबाजूचं बदलत जातं तसा.

मग त्रास काय? मेमरीचा कुठलाही नवीन गुण आणायचा, सीग्रुपचा (प्रोसेसच्या गटांचा) हिशोब असो की केसॅनसारखी तपासणी, तर तीन जागी विचार करायचा. काही गोष्टी तिन्हीकडे जमायच्याच नाहीत, रिअल-टाइम प्रीएम्प्ट (वेळेची हमी देणारा कर्नलचा पर्याय) फक्त स्लबबरोबर चालायचं. आणि सगळ्यात दूरवर पोचणारी अडचण स्लॉबची होती. स्लॉबमध्ये केमॅलॉकने घेतलेल्या तुकड्याच्या पुढ्यात त्याचा आकार लिहिलेला असायचा, पण कॅशमधून घेतलेल्या वस्तूपुढे नसायचा, त्यामुळे कॅशमधली वस्तू केफ्रीने सोडता यायची नाही. फक्त एका, कमी वापरल्या जाणाऱ्या ॲलोकेटरमुळे पूर्ण कर्नलला हा नियम पाळावा लागायचा.

काढताना व्लास्टिमिल बाब्का यांनी जो क्रम ठेवला तो शिकण्यासारखा आहे. आधी स्लॉबचं काम कोण करेल ते तयार केलं, स्लबचाच एक कमी मेमरी खाणारा अवतार, टायनी नावाचा पर्याय, ६.२ मध्ये. तो आल्यावर ६.४ मध्ये, २०२३ साली, स्लॉब गेला. मग ६.५ मध्ये स्लॅबवर "हा जाणार आहे, कुणाला अडचण असेल तर आताच सांगा" अशी पाटी लावली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये आलेल्या ६.८ मध्ये स्लॅब पण काढला. काम घेणारा आधी आणि मगच काम सोडणारा!

स्लॉब गेल्याबरोबर केफ्री कुठल्याही कॅशची वस्तू सोडू शकतं असं अधिकृत झालं, आणि त्यातून पुढची साफसफाई उघडली. आरसीयूमध्ये (आधीचे सगळे वाचणारे संपेपर्यंत मेमरी सोडणं पुढे ढकलण्याची पद्धत) ठिकठिकाणी असं होतं की नंतर सोडायचं म्हणून एक छोटं कॉलबॅक फंक्शन लिहायचं आणि त्यात एकच ओळ, कॅशला वस्तू परत द्या. ते सगळं जाऊन नुसतं केफ्री-आरसीयू लिहिता येणार होतं. २०२४ मध्ये जुलिया लॉल यांनी तसे पॅच पाठवले पण. आणि तिथे एक बारीक गोष्ट निघाली: काही मॉड्यूल निघताना आरसीयू-बॅरियर घेऊन थांबतात आणि मग कॅश नष्ट करतात, पण ते बॅरियर कॉलबॅकसाठी थांबतं, केफ्री-आरसीयूच्या रांगेत पडलेल्या वस्तूंसाठी थांबत नाही. म्हणजे ते जुनं एका ओळीचं कॉलबॅक नकळत आणखी एक काम करत होतं, बॅरियरला दिसण्याचं. वरवर बघून हे कुणालाच कळलं नसतं. म्हणून ६.१२ मध्ये आधी कॅश नष्ट करणाऱ्या फंक्शनलाच रांग रिकामी होईपर्यंत थांबायला शिकवलं. मला हा प्रसंग सारखा आठवतो, कारण पॅच लिहिणारे सगळे अत्यंत अनुभवी होते आणि तरी चर्चेत कुणीतरी "थांबा" म्हणावं लागलं.

प्रश्न: आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये फिरलो तर तेच ते फंक्शन जवळपास तसंच वीस वेळा दिसतं. हे कुणी एकत्र का करत नाही?

करतात हो, सतत करतात, पण ते दिसत नाही कारण झाल्यावर काही उरतच नाही बघायला. पेज फॉल्टची (हवं ते पेज जोडलेलं नसल्याने येणाऱ्या अडथळ्याची) मोजणी घ्या. फॉल्ट छोटा होता की मोठा याचा आकडा प्रत्येक आर्किटेक्चर आपापल्या फॉल्ट हँडलरमध्ये वाढवायचं, आणि कॉपी करता करता फरक पडत गेले, काही ठिकाणी फॉल्ट पुन्हा करून बघावा लागला की तो दोनदा मोजला जायचा. पीटर शू यांनी ५.९ मध्ये ती मोजणी सगळ्यांच्या सामायिक फंक्शनमध्ये नेली. वीसेक ठिकाणचा कोड गेला हा एक फायदा, पण आकडे सगळीकडे एकाच अर्थाचे झाले हा जास्त मोठा फायदा.

बूटच्या वेळचा बूटमेम ॲलोकेटर पण असाच, मेमब्लॉक हा दुसरा ॲलोकेटर ते काम करत असताना वर्षानुवर्षं सोबत राहिला आणि २०१८ च्या शेवटी ४.२० मध्ये गेला. डेटा स्ट्रक्चरमध्ये पण हे घडतं: प्रोसेसच्या मेमरी पट्ट्यांची नोंद एक झाड, एक लिंक्ड लिस्ट आणि एक छोटा कॅश अशा तीन जागी ठेवली जायची, कारण एकट्या झाडाला "याच्या पुढचा कोण" हे पटकन सांगता यायचं नाही. २०२२ मध्ये ६.१ मध्ये मेपल ट्री आलं, त्याला ते सांगता येतं, मग बाकीची दोन पण गेली.

तुम्ही स्वतः करणार असाल तर एक सांगते. वीस कॉपींमधल्या एकोणीस सारख्या आणि एक थोडी वेगळी असते. ती वेगळी का आहे ते गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवणारी कमांड) करून शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, बरेचदा तिथे एखाद्या जुन्या हार्डवेअरची खरी अडचण असते. आणि बरेचदा खरी चूक पण बाकी एकोणीसमध्ये असते!

प्रश्न: मेमरी मिळाली नाही तर "आउट ऑफ मेमरी" असा मेसेज छापणं, आणि केमॅलॉकचं उत्तर कास्ट करणं (त्याचा प्रकार बदलून घेणं), हे पण काढायचं का?

दोन्ही काढा. मेसेजचं काम ॲलोकेटर स्वतः करतो, स्टॅक ट्रेससकट, तुमच्या मेसेजपेक्षा चांगलं. फक्त नो-वॉर्न फ्लॅग देऊन मागितलं असेल तर ॲलोकेटर गप्प राहतो, तिथे मेसेज राहू दे. कास्ट सी मध्ये लागतच नाही. त्याच फेरीत आकडा गुणिले आकार असं केमॅलॉकला दिलेलं दिसलं तर केमॅलॉक-ॲरे करा, गुणाकार ओव्हरफ्लो झाला तर ते नकार देतं. ही साफसफाई नाही, दुरुस्ती आहे, म्हणून वेगळा पॅच.

प्रश्न: माझ्याकडे तीन ठिकाणची साफसफाई तयार आहे. पाठवू कशी? आधीच्या वेळी एका मेंटेनरने "नुसता चर्न आहे" (म्हणजे उगाच केलेली उलथापालथ) म्हणून परत केलं होतं, फार वाईट वाटलं.

वाईट वाटणं साहजिक आहे, पण त्यांच्या बाजूने पण बघा. तुमची तीन ओळींची साफसफाई त्यांना वाचावी लागते, आणि उद्या त्याच जागी खरी चूक दुरुस्त करून जुन्या स्टेबल शाखांवर न्यायची तर तुमचा बदल मध्ये येतो. नुसती साफसफाई स्टेबलमध्ये घेत नाहीत, त्यामुळे दोन्ही शाखा वेगळ्या दिसायला लागतात. म्हणून कुणी हात लावत नाही अशा मरायला टेकलेल्या ड्रायव्हरमध्ये पाठवू नका, जिथे सध्या काम चालू आहे तिथे पाठवा, शक्यतो तुम्ही स्वतः त्या भागात काहीतरी खरं करताय त्याची पहिली पायरी म्हणून.

शोधायला कॉक्सिनेल (कोडमधले नमुने शोधणारं टूल) वापरा, कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये केफ्रीआधीचे नल चेक शोधणारी स्क्रिप्ट तयार आहे, मेक कॉक्सीचेक म्हटलं की चालते. पण ती जे दाखवेल ते प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी वाचा, टूलने सांगितलं हे कारण होत नाही. बदलाच्या आधीचं आणि नंतरचं व्हीएमलिनक्स (तयार कर्नलची फाइल) ब्लोट-ओ-मीटरला (आकारांची तुलना करणाऱ्या स्क्रिप्टला) द्या, किती बाइट कमी झाले ते कळतं. केसॅन आणि केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारं टूल) चालू करून ड्रायव्हर लोड-अनलोड करून बघा, आणि एरर येईल तो रस्ता पण चालवून बघा, कारण मेमरी सोडण्याचा कोड बहुतेक तिथेच असतो आणि रोजच्या वापरात तिथे कुणी फिरकत नाही. फॉल्ट इंजेक्शनने केमॅलॉक मुद्दाम फेल करता येतं, ते शिकून घ्या.

मग कमिट मेसेज. "रिमूव्ह अननेसेसरी चेक" एवढंच लिहिलंत की मेंटेनरला तेच शोधायला लागतं जे तुम्ही शोधलंत. तुमच्या तीनपैकी दुसऱ्या पॅचसाठी मी साधारण असं लिहिलं असतं, इंग्रजीत करून घ्या: हा बफर फक्त प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) केझॅलॉकने घेतला जातो, अपयशात तो नलच असतो, एरर पॉइंटर इथे कधीच येत नाही. केफ्री नल स्वतः तपासतं. म्हणून बाहेरचा चेक काढला, वागण्यात बदल नाही. प्रोबच्या दोन्ही एरर रस्त्यांवर फॉल्ट इंजेक्शनने केसॅनसकट तपासलं.

तिसरा पॅच मात्र आत्ता पाठवू नका, त्यातला पॉइंटर डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरच्या वर्णनाच्या) हेल्परकडून येतोय आणि तो हेल्पर अपयशात काय देतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघून मला परत कळवा.